मागच्या खोलीवरचं झाड

सकाळची कामं उरकून धाकटी सून मागच्या खोलीत सासूबाईंची चादर झटकायला गेली, तेव्हा चादरीवर पुन्हा तांबूस भुगा सांडलेला होता. पत्र्याच्या फटींतून तो रोज गळायचा. पत्र्यावर ओणवं झालेलं परसातलं जुनं झाड आतून पोखरलं होतं, आणि बुंध्याच्या भगदाडात कोपरापर्यंत हात जात होता.

"आज पण पावडर लावलीस का मला?" सासूबाई म्हणाल्या. "कुठे दाखवायला नेणार आहेस?"

सासूबाईंचं उजवं अंग दोन वर्षांपासून लुळं पडलं होतं. जीभ मात्र ठणठणीत होती. पुढच्या खोल्यांत पाहुण्यांची ये-जा असते, तिथे आजारी माणसाचा पलंग बरा दिसत नाही, म्हणून त्यांना मागे हलवलं गेलं. धाकटीचा नवरा त्याच वर्षी वारला होता. आता तिला दुसरं काय काम, म्हणून तिलाही त्याच खोलीत जागा मिळाली. एका घरातल्या दोन विधवांची अशी परस्पर सोय लागली आणि कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही.

भुगा वाढू लागला तसा धाकटीने धीर करून झाडं छाटणाऱ्या ठेकेदाराला फोन केला. तो आला, कुऱ्हाडीच्या पाठीने बुंधा चहूबाजूंनी ठोकला आणि कान लावून ऐकला. झाड आतून संपलं होतं. छाटणीचा काही उपयोग नव्हता, शेंड्यापासून दोर बांधून तुकड्यातुकड्याने ते उतरवायलाच हवं होतं. तसं त्याने कागदावर लिहिलंही. मग कागद पुढे न करता त्याने विचारलं, घरात मोठं कोण आहे?

ठेकेदार काही वाईट माणूस नव्हता. एकदा एका बाईच्या सांगण्यावरून त्याने झाड तोडलं होतं, आणि संध्याकाळी तिचा भाऊ चार माणसं घेऊन त्याच्या दारात उभा राहिला होता. त्या दिवसापासून त्याने कानाला खडा लावला होता. घरातल्या पुरुषाने शब्द द्यावा, मगच करवत चालावी. ज्या घरात पुरुष नाही, तिथल्या बाईने दीर शोधावा, भाऊ शोधावा, नाहीतर झाडाखाली राहावं. असे साधेभोळे नियम पाळणारी माणसं आपल्या अवतीभोवती कितीतरी असतात, आणि ती सगळी सज्जन असतात.

थोरल्या दिरांना हे कळलं तेव्हा झाडापेक्षा फोनचाच राग जास्त आला. परसात कुणाला बोलवायचं हे ती कधीपासून ठरवायला लागली, असं त्यांनी जेवता जेवता विचारलं. मात्र ठेकेदार सापडलाच आहे तर वरच्या मजल्याच्या नव्या खिडक्यांवर येणाऱ्या फांद्या काढून घ्याव्यात, असं त्यांच्या मनात आलं. ठेकेदाराने त्यांना समजावून पाहिलं. एकच बाजू छाटली तर सगळं वजन मागच्या खोलीकडे जाईल, असं त्याने दोनदा सांगितलं.

"माझ्या आजोबांच्या वेळचं झाड आहे," दीर म्हणाले. "आता काय धाड भरलीय त्याला?"

ठेकेदाराने मान डोलावली. कामाच्या दिवशी सूचना देऊन दीर कचेरीत गेले आणि करवत सुरू झाली. धाकटी अंगणात उभी राहून बघत होती. खिडक्यांसमोर आभाळ मोकळं होत गेलं; पत्र्याच्या बाजूला एकही पान कमी झालं नाही. पाचवी मोठी फांदी खाली आली आणि बुंध्यातून कण्हल्यासारखा आवाज निघाला. वर चढलेला माणूस कुणी न सांगता भराभर खाली उतरला. बुंध्याला बोटभर रुंद चीर पडली होती.

ठेकेदाराचा चेहरा उतरला. झाड आत्ताच्या आत्ता उतरवायला हवं, असं तो म्हणाला, आणि त्याने दिरांना फोन लावला. दोनदा लावला, तिसऱ्यांदा लावला. फोन उचलला गेला नाही.

"मी सांगते आहे ना," धाकटी म्हणाली. "तो कागद द्या इकडे. या पत्र्याखाली मी झोपते, आई झोपतात. मी करते सही."

"वहिनी, तुमचं खरं आहे हो. पण उद्या दादांनी विचारलं, कोणाच्या शब्दावर पाडलंस, तर मी काय सांगू?"

त्याने कागदाची घडी घालून ती खिशात ठेवली. दादांचा फोन आला की लगेच येतो, तोवर आजींना पुढे हलवा, असं सांगून त्याने माणसं आणि दोर गाडीत भरले. गाडी वळेपर्यंत धाकटी तशीच हात पुढे करून उभी होती.

मग तिने सासूबाईंना काखेत धरून उचलून पाहिलं. ते एकटीच्या आवाक्यातलं नव्हतं. पलंग दारातून निघेना, आणि ओढताना सासूबाईंचा लुळा हात चौकटीत अडकला.

"अगं, मी काय उशी आहे का?" त्या म्हणाल्या. पण या वेळी त्यांचं हसू अर्धवट राहिलं. "तू आधी बाहेर हो बघू."

"तुम्हाला टाकून? भाऊजींना तुम्हीच का नाही कधी खडसावलं, आई?"

"माझा शब्द तुझ्या सासऱ्यांबरोबरच गेला, पोरी. मी बोलले होते त्याला. तो म्हणाला, तू पडून राहा."

धाकटी पुढच्या घरात धावली. जाऊबाई ओट्याशी उभ्या होत्या. आईंना पुढच्या खोलीत आणायचंय, एक बाजू धरा, एवढंच तिने धापा टाकत सांगितलं. जाऊबाईंनी ओले हात पदराला पुसले.

"पुढच्या खोलीत? थांब हं, ह्यांना विचारते."

"ताई, विचारू नका. नुसतं चला."

जाऊबाईंनी फोन कानाला लावला होता. पलीकडे घंटी वाजत होती. ती वाजत असतानाच मागच्या बाजूला काहीतरी कडाडलं, आणि पायाखालची फरशी हलली.

पत्र्याखालून सासूबाईंचा मृतदेह बाहेर काढायला दुपार गेली. त्याच ठेकेदाराला बोलवावं लागलं. या वेळी त्याने कुणाचाही शब्द मागितला नाही.

दुसऱ्या दिवशी पुढच्या खोलीत चौकशीचा अधिकारी बसला होता. दिरांनी जबाब तयारच ठेवला होता: झाड वरून हिरवंगार होतं, अचानक वारा सुटला, कुणाला काही कल्पना नव्हती. त्यांनी सही केली. त्या खोलीत राहणारी म्हणून धाकटीचीही सही हवी होती. दिरांनी पेन तिच्यासमोर धरलं. या घरात आल्यापासून इतक्या मऊ आवाजात ते तिच्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

"कर सही. झालं ते झालं. घराच्या अब्रूचा प्रश्न आहे."

धाकटीने कागद शेवटपर्यंत वाचला. रात्रभर रडून तिचे डोळे सुजले होते. तिने पेन घेतलं नाही.

"वारा नव्हता," ती अधिकाऱ्याला म्हणाली. मग ती भिंतीशी बसलेल्या ठेकेदाराकडे वळली. "तुम्ही बुंधा ठोकून पाहिलात. काय ऐकलंत ते साहेबांना सांगा."

 ठेकेदाराने खिशातला घडी घातलेला कागद काढून टेबलावर ठेवला.

"पोकळ होता, साहेब. वहिनींनी पाडा म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

"का?" अधिकाऱ्याने विचारलं.

उत्तर खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. 

"कारण नवरा गेलेल्या बाईचा शब्द धरायची रीत नाही," धाकटी म्हणाली. "हे तसंच लिहा. मग मी सही करते."

दीर ताडकन उठले. पण त्यांनी तोंड उघडण्याआधीच आतल्या दारातून जाऊबाई पुढे आल्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं नाही.

"त्याखाली माझीही सही घ्या," त्या म्हणाल्या. "आई आत होत्या, आणि मी फोन लावत उभी राहिले."