चौकटीचा मान

"वळंबा हलू दिऊ नगंस रं," बिराप्पा मास्तर म्हणाले, आणि नेमका त्याच वेळी रस्त्यावरून ओळखीचा खाकरा ऐकू आला. कृष्णातच्या हातातली दोरी सुटली आणि तिच्या टोकाचा लोखंडी ओळंबा चौकटीवर आपटला. बापाचा तो खाकरा त्यानं जन्मापासून ऐकला होता. पहाटे चारला तो अंथरुणापाशी यायचा, आणि कृष्णात डोळे चोळत भरतीच्या तयारीला पळायला सुटायचा.

आबा इथं कसे? कुठं घरचं कोरेगाव आणि कुठं हे आष्टा! लांब पडतं म्हणूनच तर त्यानं पहिलं काम या बाजूला मागून घेतलं होतं. घरमालक तात्याबा फौजेतून निवृत्त झालेले, एवढं त्याला ठाऊक होतं. ते आबांच्याच पलटणीतले, हे त्याला कोण सांगणार? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. त्यानं गळ्यातला टॉवेल तोंडाभोवती गुंडाळला आणि वाळूच्या ढिगाआड जाऊन माल कालवायला घेतला. सिमेंटच्या धुळीत निम्मे गवंडी तसेच असतात, म्हणून कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

कृष्णातच्या घरात आजा फौजेत, बाप फौजेत, दोन्ही चुलते फौजेत. सोप्यातल्या भिंतीवर चौघांचे वर्दीतले फोटो, आणि त्यांच्या शेजारी पाचवा खिळा आबांनी कधीचाच ठोकून ठेवलेला. चार वेळा कृष्णात भरतीला उतरला. पळण्यात पुढं असायचा, पण कधी छाती कमी भरायची, कधी लेखीत मार खायचा. शेवटी वय उलटलं आणि तो विषयच संपला. मग माधवनगरच्या प्रशिक्षण केंद्रात सहा महिन्यांचा गवंडीकामाचा वर्ग दिसला, तिथं त्यानं नाव घातलं. घरी मात्र सांगितलं, सांगलीत कंपनीत सुपरवायझर झालोय. आईनं आळीत पेढे वाटले. झाकली मूठ सव्वा लाखाची!

केंद्रात सकाळी मातीच्या गाऱ्यात भिंत बांधायची, मास्तरांनी तपासायची, आणि संध्याकाळी बांधणाऱ्यानंच ती पाडायची. विटा खरवडून दुसऱ्या दिवसासाठी रचून ठेवायच्या.

"मोडायचीच हाय तर बांधायची कशाला वो मास्तर?" त्यानं एकदा वैतागून विचारलं होतं.

"हात बसाय पायजे. भित काय, हुभी ऱ्हाईल कवातरी."

सहा महिन्यांत त्याची एकही भिंत रात्रभर उभी राहिली नव्हती. आजची चौकट ही त्याच्या हातची पहिली वस्तू, जी संध्याकाळी कुणी पाडणार नव्हतं. सकाळपासून तो मनातल्या मनात हरखून गेला होता. आता धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं त्याला झालं.

पूजा सुरू झाली. तात्याबांची सून प्रांजल हिनं चौकटीला हळदीकुंकू लावलं, आंब्याचा डहाळा बांधला. पाटावर टॉवेल, टोपी, नारळ मांडून ठेवलं होतं. चौकट बसवणाऱ्या गवंड्याला पुढं बोलवायचं, सगळ्यांसमोर नाव-गाव विचारायचं आणि टोपी घालायची, हा मान. तो चुकला तर घराला लागतं, असं म्हातारी माणसं मानतात.

"जोतिबा, तुजा कृष्णात काय करतुया?" तात्याबांनी आबांना विचारलं.

"सांगलीत हाय. सुपरवायझर. मोटी कंपनी हाय," आबा म्हणाले. वाळूआड कृष्णातच्या कानशिलांची आग झाली.

आबांनी एक डोळा मिटून चौकट वरपासून खालपर्यंत न्याहाळली, मग तिच्यावरून तळवा फिरवला. "सूतभर बी फरक न्हाई गड्या. कुणाचा हात हाय ह्यो?"

मास्तरांची छाती फुगली. "माझ्या हाताखाली शिकलाय. ये की रं म्होरं!"

कृष्णात जागचा हलला नाही. सगळे वळून बघू लागले, तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "म्या न्हवं मास्तर. तुमीच बसिवली की."

चौकटीवरचा आबांचा हात थांबला. मास्तर कृष्णातकडं नुसते बघत राहिले. सहा महिन्यांत कितीतरी वाकड्या भिंती त्यांनी बघितल्या होत्या, पण त्याच्याकडं असं कधी बघितलं नव्हतं.

"दुसऱ्याचा मान मी घेत न्हाई," ते तात्याबांना म्हणाले. "ऱ्हाऊ द्या उंबऱ्यावर. ज्येचा हाय त्यो घिईल."

जेवणं झाली. कृष्णात जेवला नाही. घास गिळायचा तर टॉवेल सोडावा लागला असता. एसटीची वेळ झाली तसे आबा निघाले, आणि रस्त्याकडं न जाता वाळूच्या ढिगापाशी आले. कृष्णातनं मान खाली घालून फावडं चालवलं.

"गवंडी," आबा म्हणाले.

फावडं थांबलं. बापानं त्याला आजवर कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"लय सरळ बसिवलीया तुमी चौकट. तुमचा मान तितं पडून हाय. घिऊन जावा."

कृष्णातनं टॉवेलाआडून नुसती मान हलवली. आबा चार पावलं गेले, थांबले, आणि मागं न बघताच बोलले, "आन टोपी घरी आना. आमच्या भितीला येक खिळा कवापास्नं रिकामा हाय. तितं ऱ्हाईल."

कृष्णातला 'आबा' म्हणून हाक मारायची होती. पण टॉवेलाची गाठ कचकचीत बसली होती आणि सिमेंटनं भरलेल्या बोटांना ती सुटेना. टॉवेल निघाला तोवर आबा उसाच्या वळणाआड गेले होते. त्याचं उघडं तोंड बघायला आता रस्त्यावर कुणीच नव्हतं.