सईच्या मशीनीत बोंबील

माजा जबडा बॉलनं मोडला असं गावात सांगतात. खोटं हाय. बॉल मला लागलाच नाय.

कोन गावच्या मैदानावर टेनिस क्रिकेटची टूर्नामेंट व्हती आनि माईकवर मी. तीस वर्सं मीच असतो. शाळा तिसरीत सोडली, पन तोंड कधी बंद ठेवलं नाय. तर एकानं असा सिक्स मारला की बॉल सरळ स्टेजवर. मी बोलतोय, "आनि बॉल येतोय, येतोय, येतोय..." आनि चुकवायला मागं सरकलो. मागं स्टेज संपला व्हता. खाली जनरेटर.

पनवेलच्या डॉक्टरनं वरचे दात खालच्या दातांना तारेनं बांधून टाकले. सहा आठवडे तोंड उघडायचं नाय. डाव्या बाजूची एक दाढ मागंच काढलेली, तिथं फट व्हती. त्या फटीतून स्ट्रॉनं जाईल तेवढंच जेवन.

माजी बायको चंद्रावती बोलली, "देवानं माजं ऐकलं, पन जरा जास्तच ऐकलं."

आमची सून सई, पुन्याची. आमचा पोरगा प्रणित, त्याची आनि तिची हापिसात वळख. तिच्या माहेरी अंडं पन चालत नाय. आमच्यात आली तर तिनं कोनाला नावं ठेवली नायत, पन मासळी शिजली की गपचूप खिडकीजवळ जाऊन बसायची. तिचं एक छोटं मशीन व्हतं, कॉलेजपासूनचं. ग्लासाएवढं भांडं, त्यात माल भरायचा, तोंडाला पातं आवळायचं, भांडं उलटं करून मशीनवर दाबायचं. सकाळी त्यात केळं-बिळं फिरवून प्यायची आनि लॅपटॉपसमोर बसायची.

पहिल्या दिवसापासून ते मशीन तिनं माज्यासाठी लावलं. मोठ्या मिक्सरात वाटीभर टाकलं की सगळं कडेला चिकटतं, पातं नुसतं गरगर फिरतं. या छोट्यात एका मानसाचं बरोबर व्हायचं. केळं, खजूर, बदाम, ओट. दर दोन तासांनी मीटिंग सोडून उठायची आनि ग्लास आनून द्यायची.

पन मी आगरी मानूस. गोड मला सनापुरतं चालतं. चार दिवसांत तो ग्लास नकोसा झाला. पोरगी समोर उभी ऱ्हायची म्हनून डोळे मिटून वढायचा, आनि ती गेली की उरलेला तुळशीत. सांगू कसं? वही दिली तिनं, लिहा बोलली. मला सहीपुरतं येतं. मी आपला वहीवर मासा काढला.

"बाबा, हे पान आहे का?" सई बोलली. दुसऱ्या दिवशी त्या केळ्यात पालक टाकला.

अठ्ठावन किलोचा मी एक्कावनवर आलो. डॉक्टर बोलला, "पन्नासच्या खाली गेलात तर नाकातून नळी घालून अॅडमिट करावं लागेल. आठ दिवसांनी या."

माजा भाऊ कमलाकर शेवटाला त्या नळीवरच व्हता. दोन महिने. मी बघितलंय. घरी येईपर्यंत गाडीत खिडकीकडं तोंड करून बसलो.

वहीतला मासा चंद्रावतीनं मात्र वळखला. सई कामाला पनवेलला गेली तशी तिनं ओले बोंबील आनले, कोकम-लसूण टाकून कालवन केलं. चुलीवरनं उतरवलं तसंच वाफाळतं त्या भांड्यात काठोकाठ भरलं, वरून तांदळाची भाकरी कोंबली, पातं आवळलं आनि दाबलं.

मला कळत व्हतं काय व्हनार. वरडायला गेलो तर तोंडातून नुसतं 'म्म् म्म्'.

"गप बसा वो, आनते!" चंद्रावती बोलली, आनि फाट्कन आवाज झाला. नशीब ती बाजूला उभी व्हती. बोंबील वर छताला, पंख्यावर, क्यालेंडरवर. आमी दोघांनी पुसलं. भांडं लिंबानं घासलं, बेसनानं घासलं, उन्हात ठेवलं. वास काय जाईना.

सई आली. वर बघितलं. छतावरचा एक थेंब तिच्या खांद्यावर पडला. उन्हातलं भांडं उचललं, नाकाशी नेलं, खाली ठेवलं आनि खोलीत जाऊन दार लावलं.

"झालं," चंद्रावती बोलली. "आता जातो फोन माहेरी."

मी दार वाजवलं. सईनं उघडलं, डोळे लाल. बोलता येईना म्हनून हात जोडले.

"बाबा, हात कसले जोडताय? मला राग आलाय तो वेगळाच. तुम्ही रोज सगळं प्यायचात, मला वाटलं आवडतंय! मी इकडे केळी सोलत बसले आणि तुम्ही वाळत चाललात." मग एकदम थांबली. "म्हणजे वहीत तो मासा होता?"

मी मान हलवली.

"आणि मी पालक घातला!" हसायलाच लागली पोरगी. मला हसता येईना, तार टोचायची.

मग तिनं ओढनी नाकाला बांधली आनि बोलली, "आई, बोंबील उरलेत का? आधी पूर्ण गार करायचं हं, गरम बंद भांड्यात कधीच घालायचं नाही. काटा काढा. रस्सा पहिला, मग भाकरीचे बारीक तुकडे. अर्ध्याच्या वर भरायचं नाही. आणि सलग नाही फिरवायचं, दाबायचं, सोडायचं, दाबायचं, सोडायचं."

चहाच्या गाळनीनं गाळून ग्लास माज्या पुढं धरला. कोकमाचा आंबट रस्सा त्या फटीतून आत आला. खरं सांगतो, डोळ्यातनं पानी आलं. लसूण जरा जास्त व्हती त्यानंच असंल.

"मीठ?" सई बोलली. ती चाखनार थोडीच. मी एक बोट वर केलं, म्हंजे थोडं टाक. तिथून पुढं आमचं तेच ठरलं. एक बोट मीठ, दोन बोटं तिखट, आंगठा म्हंजे झकास. चंद्रावती शिजवायची, सई फिरवायची. सुकट, कोळंबी, रविवारी मटनाचा रस्सा.

आठ दिवसांनी काट्यावर उभा ऱ्हायलो. साडेबावन. डॉक्टर बोलला, "काय देताय यांना?" सई एकदम शानात बोलली, "बोंबील." जिनं आयुष्यात माशाला हात लावला नाय तिनं.

त्या भांड्याचा वास काय गेला नाय. सई रोज सकाळी नुसतं दूध प्यायची. एकदा पन कोनाला बोलून दाखवलं नाय. मी रोज बघायचो आनि गप ऱ्हायचो. गप तर ऱ्हावंच लागत व्हतं, पन ते गप ऱ्हानं जड व्हतं. म्हनून मनात भाषन तयार केलं. तार निघाली की पहिलं ते बोलायचं. रोज घोकलं, माईकवर पन कधी एवढी तयारी केली नाय.

तार निघाली. डॉक्टर बोलला, "हं, बोला आता." समोर सई, बाजूला चंद्रावती. जबडा गंजल्यासारखा. भाषनातला एक शब्द आठवंना.

"सई," मी बोललो, "मीठ बरोबर व्हतं गं. रोज."

तिनं ओढनी डोळ्यांना लावली.

"बघितलंस?" चंद्रावती बोलली. "चाळीस वर्सं मी शिजवते, मला एकदा पन बोलला नाय हा मानूस."

मी तिला आंगठा दाखवला.

"आता तोंड हाय ना?" ती बोलली. "तोंडानं बोला."

बोललो मग. घर येईपर्यंत बोलत व्हतो. दोघींपैकी कोन गप बसवायला आली नाय, त्या दिवशी तरी.