मुळासकट दात

आमच्या घरात दातांचे दोन उद्योग. मी जिवंत माणसांच्या कवळ्या बनवतो आणि माझा थोरला भाऊ, दादा, कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या डायनासोरचे दात गोळा करतो. "दोघे भाऊ दातांत गुंतलेत आणि भांडी मात्र मला एकटीला घासावी लागतात," असं वहिनी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात.

दादा आयुष्यभर पाण्याचे मीटर तपासत फिरला. उरलेला सगळा जीव एका लाकडी पेटीत. आत मऊ कापड लावलेले कप्पे आणि प्रत्येक कप्प्यात एक दात. फक्त मधला मोठा कप्पा रिकामा. तो मुळासकट असलेल्या दातासाठी राखून ठेवलेला.

बाकी एकाही दाताला मूळ नव्हतं. दादा मला लहानपणी समजवायचा तसाच अजूनही समजवायचा, "अरे, त्यांचे दात जन्मभर पडायचे आणि नवे यायचे. पडलेल्या दाताला मूळ कुठून असणार? तो दात टाकून जनावर आपलं पुढे चालू लागलं. मूळ मिळतं ते जबड्यातल्या दाताला. म्हणजे तो दात तोंडात असतानाच जनावर गेलं." असे दात विरळा, त्यामुळे फसवणूकही तिथेच जास्त. वरचा भाग एका दाताचा, मूळ दुसऱ्याचं, मधे गोंद आणि वाळू, वरून रंगाचा हात.

म्हणून दादाचा नियम होता. नवा दात आला की त्याला ॲसिटोनची आंघोळ. बायका नखांचा रंग काढतात ते ॲसिटोन. गोंद असेल तर सुटतो, रंग असेल तर उतरतो. मनापासून घेतलेले किती दात त्या काचेच्या वाडग्यात दुभंगले असतील! दादा हूं की चूं न करता ते कचऱ्यात टाकायचा. "आंघोळीशिवाय पेटीत पाऊल नाही," म्हणायचा. वहिनी तेवढा वेळ सगळ्या खिडक्या उघडून, नाकाला रुमाल लावून दादाचा उद्धार करत असायच्या.

यंदा डॉक्टरांनी हात टेकले आणि आम्ही दादाला घरी आणलं. मी बनवलेली कवळी उशाशी पेल्यात पडून असायची. हिरड्या आटल्या होत्या, ती बसेना. मी म्हटलं, नीट करून देतो. तर म्हणाला, "राहू दे. आता कुणापुढे हसायचंय?" मला असला राग आला! कुणावर, तेही कळेना.

पडल्या पडल्या मोबाइलवर त्याने एक दात शोधला. मोठ्या मांसाहारी डायनासोरचा, मुळासकट. वहिनींना कळू नये म्हणून माझ्या वर्कशॉपच्या पत्त्यावर मागवला. "एवढा एक मधे बसला की झालं," म्हणाला. काय झालं, ते मी विचारलं नाही.

खोका आला. दात हातात घेतला आणि मी खरोखर हरखून गेलो. मग दिव्याखाली धरला. वरचा भाग आणि मूळ जिथे भेटत होते, तिथे रंग जरा जास्तच जमून आला होता. इतक्या गुण्यागोविंदाने रंग आपोआप जमत नाही, तो आम्ही कवळीवालेच जमवतो. ॲसिटोनमध्ये कापूस बुडवून सांध्यावर फिरवला. कापूस तपकिरी झाला, आणि थोड्या वेळाने मूळ माझ्या हातात आलं.

विकणाऱ्याला फोन लावला. आधी वाजला, मग बंदच झाला. मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण ऐकायला कोण होतं? दुसरा दात शोधायला दादाकडे वेळ नव्हता. शेवटी मीच टेबलाशी बसलो. माझं सामान काढलं, सांधा साफ केला, मूळ पुन्हा बसवलं, छटेला छटा मिळवली. त्या लबाडाचं काम मी त्याच्यापेक्षा सरस करून ठेवलं.

दात दादाच्या हातात दिला तेव्हा त्याचे डोळे भरून आले. अंगठा दाताच्या करवती कडेवरून तो कितीतरी वेळ फिरवत राहिला. "आला रे," म्हणाला. मग लगेच, "आंघोळ घाल."

"मी घालून आणलाय, दादा."

"माझ्यासमोर घाल."

हे होणार हे मी धरूनच चाललो होतो. औषधांनी त्याची चव गेली होती, वासही गेला होता. सूप आणि चहा यांतला फरक त्याला सांगावा लागायचा. मी पिशवीतून बाटली काढून वाडग्यात ओतली. बाटलीत पाणी होतं.

दात बुडाला. दोन-चार बुडबुडे आले. दादा कोपरावर रेलून डोळ्यांत तेल घालून बघत होता. आयुष्यातली पहिलीच वेळ असावी तसा बघत होता. माझ्याच्याने त्याच्याकडे बघवेना. मी खिडकीच्या कडीकडे बघत राहिलो.

"टिकला," तो म्हणाला. "बघ ना, टिकला!"

तेवढ्यात वहिनी आत आल्या, हातात रुमाल घेऊनच. "आणखी एक आला वाटतं. मला वाडगा दिसला तेव्हाच कळलं. अगंबाई, पण आज वास कसा नाही?"

मी बाटली पिशवीत सरकवली.

दादाने वाडग्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. लहानपणी मी काही फोडलं की तो असाच बघायचा, आणि मग आईकडे जाऊन ते आपल्याच हातून फुटलं म्हणून सांगायचा.

"हल्ली बिनवासाचं मिळतं," तो वहिनींना म्हणाला. "याच्या धंद्यात वापरतात. यानेच आणलंय."

मला काहीतरी बोलायचं होतं. माफी मागायची होती, वाडगा उपडा करायचा होता, निदान तिथून उठून जायचं होतं. यातलं काहीच झालं नाही.

"पूस आणि ठेव मधल्या कप्प्यात," दादा म्हणाला. मी दात पुसला आणि ठेवला. छान बसला. दादाने पेटीकडे पाहिलं नाही. त्याने माझा ओला हात धरला. त्याच्या पकडीत जोर नव्हता, तरी मला तो सोडवता आला नसता.

वहिनी खूश होत्या. "मग हे आधी का नाही आणलंत हो, भाऊजी? इतकी वर्षं माझं डोकं उठत होतं."

"मिळत नव्हतं, वहिनी," मी म्हणालो.