रंगाखालची चीर

मी एक जुना लोखंडी पूल आहे. खालून नदी जाते, वरून रस्ता जातो आणि मधल्या मध्ये मी घाबरून उभा असतो. पूल घाबरतो हे ऐकून हसू नका, मित्रांनो. ज्याच्या अंगावरून रोज माणसे जातात, त्याने घाबरायचे नाही तर कोणी?

पूर्वी मी असा भित्रा नव्हतो. रस्ता खुला करण्याआधी दगडांनी भरलेले बारा ट्रक माझ्यावर दिवसभर उभे केले होते, तरी मी हूं की चूं केले नाही. पुढची बेचाळीस वर्षे बस, ट्रक, सायकली सगळे खुशाल ये-जा करत राहिले. माझे नाव कोणी काढले नाही. पुलाचे नाव निघत नाही, तोवर त्याचे बरे चाललेले असते.

मग पूल तपासणाऱ्या बाई आल्या. दर तीन महिन्यांनी त्या शिडीने माझ्या पोटाखाली उतरतात आणि हातोडीने टकटक करून कान देतात. तिसऱ्या खांबावरच्या तुळईला, म्हणजे रस्त्याचे ओझे पेलणाऱ्या आडव्या लोखंडाला, त्यांना केसाएवढी चीर दिसली. चीर जिथे संपत होती, तिथे त्यांनी लाल रंगाची रेघ मारली आणि शेजारी तारीख घातली. पुढच्या खेपेला चीर रेघेच्या दोन बोटे पुढे गेलेली होती. तिथे त्यांनी दुसरी रेघ मारली आणि तारीख घातली.

बाईंनी वर लिहून कळवले आणि वाहतूक प्राधिकरणाच्या पाच वर्षांच्या आराखड्यात 'नवा पूल' हे काम आले. मला पाडणार होते. खरे सांगतो, मला हायसे वाटले. पण कुठे माशी शिंकली कोण जाणे, आराखडा बदलला. बसस्थानकाचे काचेचे छप्पर यादीत वर चढले आणि मी पुढच्या टप्प्यात गेलो. अगदीच तोंडाला पाने पुसली असे दिसू नये, म्हणून मला रंग आणि दिवे मिळाले.

रंगारी तिसऱ्या खांबाशी आला आणि थबकला. "इथे कुणीतरी रेघा मारल्यात," तो मुकादमाला म्हणाला. "तारखापण आहेत. सोडू का एवढी जागा?"

"साहेब फोटो काढायला येणारेत. डाग दिसायला नको. मार वरून."

त्याने रंगाचे दोन हात दिले. रेघा, तारखा आणि चीर, सगळे रंगाखाली गेले.

मित्रांनो, त्यानंतर माझे जे कौतुक झाले, ते तरुणपणीही झाले नव्हते. लोक कठड्याला टेकून फोटो काढू लागले. लांबच्या रस्त्याने जाणारे वाळूचे ट्रक माझ्याकडे वळले. सकाळच्या पहिल्या बसचा ड्रायव्हर पूर्वी माझ्यावर येताच वेग कमी करायचा. आता तो शीळ घालत भरधाव नेतो. बडा घर पोकळ वासा, हे त्याला कोण सांगणार? बस तिसऱ्या खांबावर आली की चीर आणखी जराशी उघडते. आत पन्नास-साठ माणसे असतात. कोणी डुलक्या घेत असते, कोणी पोराला दप्तर नीट धरायला सांगत असते. मागची चाके पलीकडे उतरेपर्यंत मी जीव मुठीत धरून असतो.

काल बाई आल्या. त्यांना रेघा सापडेनात. त्यांनी चाकूने रंग खरवडला आणि त्या खरवडतच राहिल्या, कारण चीर दुसऱ्या रेघेच्या वीतभर पुढे पोचली होती. त्या घाईने वर आल्या आणि येणाऱ्या बसपुढे आडव्या उभ्या राहिल्या.

"सगळे उतरा. चालत पलीकडे जा. बस मागून रिकामी येऊ दे, सावकाश."

"अहो बाई, पूल तर नवाकोरा दिसतोय," ड्रायव्हर म्हणाला.

"दिसतोय," बाई म्हणाल्या.

लोक कुरकुरत उतरले. मला बंद करायचा हुकूम बाईंच्या हातात नाही. त्यासाठीची बैठक पुढच्या महिन्यात आहे. आज सकाळीही त्या येऊन उभ्या राहिल्या होत्या. पण बसच्या दिवसाला बावीस फेऱ्या होतात आणि बाई एकट्या आहेत.

म्हातारी मंडळी म्हणतात, आम्हाला सांभाळा. मी म्हणतो, मला बंद करा. ते होईपर्यंत, बाई असोत वा नसोत, माझ्या तोंडाशी आलात की बसमधून उतरा आणि चालत जा. चालत गेलात तर मी तुम्हाला पेलेन. बसमध्ये बसून आलात तर पेलेन की नाही, हे मला स्वतःलाच माहीत नाही.