खडूची रेघ

पडद्यावर मार खायचा नायकाने आणि हाडं मोडायची माझ्या नवऱ्याची, हा आमच्या घरचा धंदा. मी त्याच स्टुडिओत कपडेपट सांभाळायची. या चित्रपटातल्या गुप्तहेराचा कोट मी दोन मापांत शिवला होता, एक नायकाच्या आणि एक घरच्या माणसाच्या. शॉटआधी नवरा माझ्या डब्यातलं एक बटण मुठीत घ्यायचा आणि शॉट संपला की परत द्यायचा. एकदा छपरावरून पडला, तेव्हाही बटण मुठीतच होतं.

त्या दिवशी शत्रूची माणसं गुप्तहेराला खुर्चीला बांधून काचेच्या टाकीत बुडवणार होती. हात मागे बांधलेले, पण ओढली की सुटेल अशी गाठ. तरीही अडलंच तर त्याने डाव्या पायातला बूट झटकायचा आणि कप्पीवरच्या माणसांनी खुर्ची वर ओढायची, असं ठरलं होतं. तालमीत त्याने ती खूण करून दाखवली. बूट तरंगत वर आला आणि दिग्दर्शक खूश झाले. बूट आता दृश्यातच राहील, असं त्यांनी फर्मावलं. सगळ्यांनी माना डोलावल्या, नवऱ्यानेही. मग नवी खूण कोणती, हे विचारायचं एकाच्याही डोक्यात आलं नाही.

समोरून बघायला माझा जीव धजत नाही. म्हणून मी नेहमीसारखी मागे गेले आणि टाकीमागच्या काळ्या पडद्याच्या फटीला डोळा लावला. कॅमेरा घरघरू लागला, खुर्ची खाली गेली. बूट सुटून वर आला, तसे दिग्दर्शक हळूच "वा" म्हणाले. मला दिसत होत्या फक्त त्याच्या मुठी. दोर नवा होता. पाण्याने तो फुगला होता आणि गाठ सुटायचं सोडून मनगटात रुतत चालली होती. मग मूठ उघडली आणि बटण तळाशी गेलं.



"थांबवा, मरेल तो," मी ओरडले.

कुणी हललं नाही. कॅमेऱ्याशेजारी बसलेली नायिकाही नेमकं हेच ओरडत होती, तिचं वाक्यच ते होतं.

"अजून जोरात," दिग्दर्शक म्हणाले. कुणाला म्हणाले, देव जाणे.

कप्पीवरची माणसं त्यांच्या तोंडाकडे बघत होती. त्यांनी "कट" म्हटल्याशिवाय दोराला हात लावायचा नाही, अशी तिथली शिस्त. म्हणजे शब्द त्यांच्याच तोंडून निघायला हवा होता, आणि तो कशाने निघतो हे मला पक्कं ठाऊक होतं. कॅमेऱ्याला दिसणाऱ्या जागेची हद्द जमिनीवर खडूने आखलेली असे. चालू शॉटमध्ये ती ओलांडली म्हणून एका सुताराला त्यांनी कायमचं घरी बसवलं होतं. मी टाकीला वळसा घालून धावले, रेघ ओलांडली आणि माझा काळा एप्रन पसरून कॅमेऱ्याच्या तोंडाशी उभी राहिले.

"कट," ते गरजले. खुर्ची वर आली.

त्यांनी आधी मला शिव्या घातल्या, मग खुर्चीकडे पाहिलं आणि मटकन खाली बसले. नायकाने अंगातला कोट काढून माझ्या नवऱ्याभोवती गुंडाळला. त्या माणसाला मी जन्मभर नावं ठेवली, पण हे त्याच्या खात्यात जमा आहे. नवरा निळा पडला होता. बऱ्याच वेळाने तो खोकला, तेव्हा कुठे मी ढसाढसा रडले.

टाकीत पुन्हा कुणी उतरलं नाही, तोच शॉट चित्रपटात गेला. पहिल्या खेळाला आम्ही दोघं मागच्या रांगेत बसलो. बूट वर आला तशा शिट्ट्या पडल्या. शॉटच्या अगदी शेवटी पडद्याच्या कडेने काहीतरी काळं आत सरकलं. तेवढं काही त्यांना कापता आलं नव्हतं. पुढची बाई शेजारणीला सांगत होती की बघ, खलनायक आला.

माझ्या नवऱ्याने अंधारात माझा हात मुठीत घेतला.

"आलीस," तो म्हणाला.