आठच्या बसआधीचा सिनेमा

सौदीतल्या जुबैलच्या मराठी मंडळींकडे कमलाकरने सोळा वर्षांत एकच गोष्ट मागितली होती, आणि नेमकी तीच त्यांनी दिली नव्हती. महिन्यातल्या एका शुक्रवारी कुणाच्या तरी हॉलमध्ये पांढरी चादर टांगून सिनेमा लावायचे. कमलाकर दरवेळी आपला जुना फ्रेंच सिनेमा पुढे करायचा, तुरुंग फोडणाऱ्या कैद्याचा, आणि दरवेळी हात वर व्हायचे ते कुठल्यातरी विनोदी सिनेमासाठी. आता परदेशी माणसं काढून सौदी माणसं भरायच्या सौदायझेशनमध्ये त्याची खुर्ची गेली. मंगळवारी फायनल एक्झिटचं विमान, म्हणजे परत येणं नाही. तेव्हा कुठे मंडळींना दया आली. निरोपसमारंभ आणि सिनेमा, एका दगडात दोन पक्षी.

"सुटलो बुवा," असं तो चार महिने ज्याला त्याला सांगत होता. त्याच्या जागी आलेल्या सौदी इंजिनियरला त्याने हातचं न राखता सगळं शिकवलं. तो हुशार निघाला, वर नम्रही, त्यामुळे रागवायलासुद्धा कुणी उरलं नव्हतं. उरला होता हा सिनेमा. निदान एकदा या लोकांनी तो शेवटपर्यंत बघावा, एवढाच त्याचा हट्ट होता.

सहाला कमलाकरच्याच हॉलमध्ये दिवे मालवले. पडद्यावर कैदी बादलीची कडी फरशीवर घासून धार काढत होता. पाच मिनिटं झाली तरी पडद्यावर कुणी बोलत नव्हतं, हीच तर पंचाईत.

"गाणं कधी आहे?" मागून कुणीतरी विचारलं.

अनुराग नाशिकचा, कंपनीत सेफ्टी ऑफिसर. तो म्हणाला, "काका, याने गॉगल नाही घातला, ग्लोव्हज नाहीत. वर्क परमिट तर नाहीच."

हॉल खदखदून हसला. कमलाकरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गाढवापुढे वाचली गीता, दुसरं काय.

दापोलीचा नसरुद्दीन मात्र मन लावून बघत होता. तो कंपनीच्या मेसचा सुपरवायझर. एक तरी रसिक निघाला म्हणून कमलाकर जरा निवला, तोच नसरुद्दीनने तोंड उघडलं.

"पण कमलाकरभाऊ, हा पळतंय कशाला? तीन टाईम खाना मिलतंय, खोली मिलतेय. बाहेर ह्याला कोण नोकरी देतंय?"

"त्या कोठडीत आता सौदी आणणार असतील," अनुरागने पुस्ती जोडली.

हसू फुटलं आणि लगेच विरलं. निरोप कुणाचा आहे ते सगळ्यांना आठवलं. कपातीच्या पुढच्या यादीत आपलं नाव असेल अशी धास्ती घेतलेले दोघंतिघं तर मान खाली घालून बसले.

"त्याला मोकळं व्हायचंय. एवढंही कळत नाही?" कमलाकर तडकला.

"कळतंय ना," नसरुद्दीन शांतपणे म्हणाला. "पण हितं आपण सगले आत ऱ्हावं म्हणून धडपडताव."

खिडकीचा गज निघायला आला आणि कुणीतरी दिवा लावला. आठला कॅम्पची बस येणार होती आणि शाल द्यायची राहिली होती. चित्राने, कमलाकरच्या बायकोने, केलेले वडेही गार होत होते. मग शाल झाली, नारळ झाला, दोन भाषणं झाली. सोळा वर्षं अकरा मिनिटांत उरकली. कैद्याचा हात चादरीवर गजाला धरून तसाच थांबला होता.

दारात बूट चढवताना नसरुद्दीनने विचारलं, "शेवटी काय होतंय त्याचं? सांगा, नायतर मला झोप यायची नाय."

कमलाकरला त्याचा इतका संताप आला होता की खरा शेवट सांगायची इच्छाच होईना.

"जेलर येतो," तो म्हणाला. "म्हणतो, तुझी जागा आम्ही कुणाला देत नाही. राहा."

"आन् ऱ्हातंय?"

"राहतो."

नसरुद्दीनचा चेहरा उजळला. "अल्हमदुलिल्लाह. चांगला सिनेमा काढलाय," असं म्हणत तो बसकडे गेला.

चित्रा बशा गोळा करत होती. नवऱ्याबरोबर तिने हा सिनेमा सात वेळा पाहिला होता.

"अहो, असा कुठे आहे शेवट? पळून जातो की तो."

कमलाकर चादर उतरवत होता. उतरवता उतरवता थांबला.

"मला नाही गं जायचं," तो म्हणाला.

चित्राने बशा खाली ठेवल्या.