आफ्राच्या हातचे पडदे

सिम्पर्टमास्तरांच्या बैठकीत शेगडीच्या वर भिंतीत एक खिळा होता, आणि त्या खिळ्याला आफ्रा बारा महिने कांद्यांची माळ टांगून ठेवायची. माळ संपत आली की नवी आधी यायची, मग जुनी उतरायची. खिळा रिकामा दिसता कामा नये, हा तिचा नेम. शेजारणी म्हणायच्या, कांदे स्वयंपाकघरात टांगावेत की गं, बैठकीत कसले टांगतेस! आफ्रा म्हणायची, तिथे ऊब असते, कोंब फुटत नाहीत. हे साफ खोटं होतं. उबेनेच कोंब फुटतात, हे आमच्या आउग्सबुर्गात शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

खिळा मास्तरांनी स्वतः ठोकला होता, वीस वर्षांपूर्वी, गुरूला माती देऊन आले त्या दिवशी. मास्तरांना ल्यूट हे तंतुवाद्य शिकवणारे ते गुरू म्हातारपणी बेसूर वाजवायचे आणि त्यांना ते कळायचं नाही. लोक समोर वाहवा करायचे आणि जिन्यात आले की हसायचे. त्या हसणाऱ्यांत तरुणपणी मास्तरही होते, आणि ते त्यांना जन्मभर टोचत राहिलं. म्हणून खिळा ठोकून त्यांनी बायकोला सांगितलं, "ज्या दिवशी माझ्या बोटांतून बेसूर निघेल, त्या दिवशी ल्यूट या खिळ्याला. पुन्हा खाली काढायचं नाही. मी मागितलं तरी द्यायचं नाहीस."

मास्तर शब्दाचे पक्के. पक्के म्हणजे काय, हट्टी. एकदा लोणी न खाण्याची पैज लावली आणि वर्षभर कोरडा पाव चावत बसले. पैज हरलेला माणूस कधीच गाव सोडून गेला होता. म्हणून खिळा ठोकला त्याच संध्याकाळी आफ्राने त्याला कांदे टांगले.

पुढे चौदा वर्षं कांदे नुसते कांदेच होते. मग मास्तरांच्या डाव्या हाताची अनामिका वाकडी व्हायला लागली. सांधे धरले. बोट ल्यूटची तात सरळ दाबेना, दाबता दाबता बाजूला ओढायला लागलं. आणि तात ओढली की सूर चढतो. आफ्राला वाजवता येत नव्हतं, पण ती तातवाल्याची मुलगी. बापाच्या घरी मेंढीची आतडी धुण्यापासून तात पिळून वाळवण्यापर्यंत सगळं करत वाढलेली. चढलेला सूर तिला स्वयंपाकघरात, पीठ मळताना, पाठमोरी असतानाही कळला. तिचे हात पिठातच थांबले. बैठकीत मास्तर खुंट्या पिळत होते. मोकळ्या ताता अगदी सुरात. बोट ठेवलं की गडबड. आज हवा दमट आहे, ते पुटपुटले. आठवडाभर तरी हवा दमट राहो, अशी आफ्राने प्रार्थना केली.

ल्यूटचे पडदे म्हणजे दांडीभोवती आवळून बांधलेली तातच. ती झिजते, सरकते. दर काही महिन्यांनी नवी बांधावी लागते. तोवर ते काम मास्तर स्वतः करत आणि दुसऱ्याला हात लावू देत नसत. आफ्रा म्हणाली, "तुझ्या गाठी सैल पडायला लागल्यात. म्हणून सूर हलतात. माझ्या बापाची गाठ मरेपर्यंत सरकली नाही. आण इकडे."

"तू बांधणार?"

"चाळीस वर्षं तुझे बूट, तुझे कॉलर आणि तुझं तोंड बांधत आले, हे जड जाणार आहे का?"

मास्तर शिकवणीला गेले, आणि आफ्राने तिसरा पडदा तिरका बांधला. जाड तातेकडचं टोक जागच्या जागी, बारीक तातेकडचं टोक खुंट्यांच्या बाजूला किंचित सरकवलेलं. बोटाने जेवढा सूर चढवायचा तेवढाच पडद्याने उतरवायचा. पहिल्यांदा जरा जास्तच उतरला. दुसऱ्या दिवशी तिने भाजी चिरता चिरता ऐकलं आणि केसभर मागे घेतला. तिसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "हवा सुधारली."

अशी सहा वर्षं हवा सुधारत राहिली. बोटं वाकत गेली, आफ्रा पडदे वाकवत गेली. कोणत्या रचनेत कोणतं बोट कुठे ओढतं, हे तिला नवऱ्याच्या खोकल्यासारखं ओळखीचं झालं होतं. शिष्यांना ती ल्यूटला हात लावू देत नसे. लोकांना वाटायचं, म्हातारी खाष्ट आहे. खाष्ट होतीच, पण त्यासाठी नाही.

मास्तरांच्या सत्तराव्या वर्षी, संत सिम्पर्टच्या दिवसाआधी दोन दिवस, लेक रेजिना आणि जावई योर्ग फ्यूसेनहून लेख नदीच्या तराफ्यावर बसून आले. योर्ग ल्यूट बनवणारा. हात सोन्याचे, बोलणं मोजकं, आणि खिशात कायम कंपास. जेवायला बसला तर ताटाच्या मधोमध सॉसेज आहे की नाही ते बघणारा. आफ्राचा त्याच्यावर फार जीव. आपल्या नावाच्या संताच्या दिवशी दरवर्षी मास्तर मित्रमंडळींसमोर वाजवत, आणि यंदा योर्ग असल्यामुळे त्यांना जास्तच चेव आला होता.

त्या दिवशी सकाळी म्हातारा-म्हातारी चर्चला गेली. परतली तेव्हा बैठकीत मंडळी जमायला लागली होती. आफ्रा प्लमचा केक कापायला स्वयंपाकघरात शिरली. मागोमाग योर्ग आला आणि दार लोटून हळूच म्हणाला, "आई, रागावू नका. तुमचं एक काम मी उरकून टाकलं. कुणाला कळणार नाही."

"कोणतं रे?"

"पडदे. तिसरा तर गव्हाच्या दाण्याएवढा तिरका होता. चौथ्या-पाचव्याची तीच गत. नजर सगळ्यांचीच जाते हो, माझ्या आईचीही गेली. मी सगळे काढले, नवी तात घातली, कंपासने मोजून बांधले. सासऱ्यांना एक अक्षर बोललो नाही. तुम्हाला खाली बघायला लागू नये म्हणून."

आफ्राच्या हातातली सुरी केकमध्येच राहिली. "सरळ केलेस?"

"केसाचाही फरक नाही," योर्ग कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला.

"गाढवा!" लेकीच्या लग्नाला सात वर्षं झाली होती, जावयाला तिने आजवर नावानेसुद्धा क्वचितच हाक मारली होती. "अरे गाढवा, माझी नजर घारीची आहे! बोट त्याचं गेलंय!"

योर्गचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. तोवर बैठकीतून शेजारच्या मेल्खिओर बेकरचा आवाज आला, "मास्तर, तुमचं लावून होईस्तोवर माझी पावांची एक भट्टी भाजून निघते! वाजवा आता!" आणि ती दोघं दारात पोचायच्या आत मास्तरांनी सुरुवात केली.

सुरुवात गोड झाली, कारण ती मोकळ्या तातांवर होती. मग अनामिका तिसऱ्या पडद्यावर आली आणि सूर असा किंचाळला की मेल्खिओरच्या बायकोने चमकून मांजराकडे पाहिलं. मास्तर थांबले. खुंटी तपासली. मोकळी तात सुरात. पुन्हा वाजवलं. पुन्हा तेच. मंडळी बुटांकडे बघायला लागली. मेल्खिओर भला माणूस, तो म्हणाला, "हवा दमट आहे आज." बाहेर लख्ख ऊन होतं.

मास्तरांनी मान खाली घालून पडद्यांकडे पाहिलं. पट्टीने आखल्यासारखे सरळ. मग त्यांनी आपल्या बोटाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ते ल्यूट घेऊन उठले, शेगडीपाशी गेले, आणि खिळ्यावरची कांद्यांची माळ काढून बाकावर ठेवली.

"बाबा, चूक माझी आहे," योर्ग पुढे झाला. "सकाळी पडदे मी—"

"पडदे बरोबर आहेत, योर्ग. इतके बरोबर पडदे मी किती दिवसांत..." एवढं बोलून मास्तर थांबले आणि बायकोकडे वळले. "आफ्रा?"

ल्यूट खिळ्यापासून हातभर अंतरावर होतं, आणि रडायला वेळ नव्हता.

"हो! तिरके बांधत होते मी," ती म्हणाली. "सहा वर्षं. कुणी तक्रार केली का? या मेल्खिओरने केली? जिन्यात कुणी हसलं? मी दर वेळी जिन्यात उभी राहून ऐकलंय, एक माणूस हसला नाही!"

"मला फसवलंस."

"फसवलं. सांगितलं असतं तर सहा वर्षांपूर्वीच लटकवलं असतंस आणि स्वतः त्या खुर्चीत लटकून बसला असतास. मला तुझं वाजवणं हवं होतं, सिम्पर्ट. पीठ मळताना मला दुसरं काही ऐकायचं नाही." तिचा आवाज फुटला, पण तिने तो तसाच पुढे रेटला. "तुझ्या गुरूच्या घरी पडदे बांधणारं कुणी नव्हतं. तुझ्या घरी आहे. आण ते इकडे. आणि तो खिळा माझ्या कांद्यांचा आहे."

मास्तर उभेच राहिले. रेजिना डोळे पुसत होती. शेवटी म्हातारा येऊन खुर्चीत बसला, ल्यूट मांडीवर घेतलं आणि दांडी बायकोपुढे केली. आफ्राने स्टूल ओढलं.

"दाब," ती म्हणाली.

त्यांनी दाबलं, छेडलं. तिने अंगठ्याने पडदा रेटला. नवी तात ताठर होती. "अजून," मास्तर म्हणाले. "अजून जरा. हं, बस." सहा वर्षं तिने हे भिंतीपलीकडून अंदाजाने केलं होतं. समोरासमोर बसून एवढं सोपं जाईल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"हा कधीपासून?"

"सांगितलं ना, सहा वर्षं."

"आणि चौथा?"

"मेल्खिओरच्या धाकटीच्या लग्नापासून."

"त्या लग्नात मी काय वाजवलं होतं!"

"हो ना. तिरका होता तेव्हा."

मेल्खिओर खो खो हसला, आणि मग मास्तरही हसले. "पाचवा?"

"यंदाच्या ईस्टरपासून."

वाकडी अनामिका मास्तरांनी दुसऱ्या हाताने जराशी चोळली. मग लहान मुलासारखं, हळू आवाजात विचारलं, "आणि पहिला?"

"पहिला?" आफ्रा म्हणाली. "पहिल्याला काय झालंय? पहिला सरळ आहे."

मास्तर ताठ बसले. "ऐकलंत?" ते मंडळींना म्हणाले. "पहिला अजून सरळ आहे!"

"थांब, गाठ बघते," म्हणत आफ्रा दांडीवर वाकली, आणि एप्रनआडून काही काढावं इतक्या हलकेच तिच्या अंगठ्याने पहिल्या पडद्याचं टोक खुंट्यांकडे केसभर सरकवलं.

योर्गने ते पाहिलं. केसभर फरक त्याच्या नजरेतून सुटणं शक्यच नव्हतं. तो उठला, बाकावरची कांद्यांची माळ उचलली आणि खिळ्याला नीट टांगली.